०.६८ वरून ७१०

"मॅडम, आठ दिवसांत हजारपट वाढलं," असं म्हणत त्यांनी दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. वय ४८, सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात यंत्रमागावर काम. महिन्यापूर्वी कोविडचा ताप घरीच बरा झाला होता. मग कुणी तरी सांगितलं म्हणून रक्ताच्या गुठळीशी निगडित डी-डायमर ही तपासणी केली. एका लॅबचा आकडा ०.६८, दुसरीचा ७१०. तेव्हापासून जिना चढणं बंद, कामावर खाडे, आणि रात्री बायको उठून त्यांचा श्वास चालू आहे का बघते.

आकड्यापुढचं एकक मी त्यांनाच वाचायला लावलं. एकीकडे मायक्रोग्रॅम, दुसरीकडे नॅनोग्रॅम. एका मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम, म्हणजे ६८० आणि ७१०. रोज ताण्याचे धागे मोजणाऱ्या माणसाने हिशेब क्षणात केला. रिपोर्ट हातात देताना एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर त्यांची आठ दिवसांची झोप गेली नसती. याचा मला खरंच राग येतो.

"पण पाचशेच्या मर्यादेच्या वर आहेच की," ते म्हणाले.

आहेच. अंगात कुठे तरी गुठळी धरली आणि विरघळली की तिचे जे तुकडे रक्तात उरतात, ते डी-डायमर. विषाणूच्या तापात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, तेव्हा हा आकडा वर जातो. ऑपरेशननंतर, गरोदरपणात, वय वाढलं तरी जातो. गुठळी कुठे आहे, धोक्याची आहे की नाही, हे तो सांगत नाही. लक्षणं फारशी संशयास्पद नसताना आकडा कमी आला, तर गुठळीची शंका बाजूला ठेवायला डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग. त्यांची ट्रोपोनिनचीही तपासणी झाली होती, तिची गोष्ट वेगळी. ते हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं. यांचं ट्रोपोनिन आणि ईसीजी दोन्ही ठीक होते, फिजिशियननी तपासून तसं लिहूनही दिलं होतं. तो कागद फाइलमध्ये सगळ्यात खाली होता.

मी विचारलं, "हा डी-डायमर शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलात?"

बराच वेळ ते बोललेच नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात धाकटा भाऊ दवाखान्यात होता. फोनवर रोज आकडा कळायचा, आणि तो रोज चढत गेला. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा कापरा झाला. बायको म्हणाली, "घरात त्याचं नावच काढत नाहीत हे."

पुढच्या तीन भेटी आम्ही भावाबद्दलच बोललो. तपासणीबाबत एकच ठरलं: पुढची करायची की नाही, ते फिजिशियन सांगतील, आणि केलीच तर दर वेळी एकाच लॅबमध्ये. आता ते कामावर जातात. जिन्यात अजून मध्येच थांबतात, पण चढतात.

निघताना बायकोने विचारलं, "आणि खरंच काही झालं तर?"

मी कागदावर लिहून दिलं: छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, एकच पाय सुजून दुखणं. "यातलं काहीही झालं तर माझ्याकडे येऊ नका, लॅबमध्येही जाऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या दवाखान्यात जा."