एचडीडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या दोनच पाणबुड्या रद्द झाल्या होत्या, मग एवढा गहजब कशाला?

दोन पाणबुड्यांचे पैसे वाचले, असा हिशेब मांडणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. वाचलं काहीच नाही. गेली ती बांधणीची सवय.

१९८१च्या करारात दोन पाणबुड्या जर्मनीत कीलला, दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या, आणि हवं तर आणखी दोन अशी सोय होती. १९८७ला दलालीचे आरोप झाले आणि पाचवी-सहावी कागदावरच राहिली. माझगाव डॉकमधल्या दोनपैकी शाल्की १९९२ला आली, शंकुल १९९४ला. त्यानंतर थेट २००५चा फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार. मधली अकरा वर्षं माझगाव डॉकमध्ये नवी पाणबुडी नाही.

प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब झेलणारं पाणबुडीचं कवच. त्याचं वेल्डिंग म्हणजे साध्या जहाजाचं काम नव्हे. प्लेट आधी ठरलेल्या तापमानाला आणायची. इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगच्या कांड्या, ओव्हनमधून लागतील तेवढेच काढायचे, कारण ते दमट झाले की जोडात हायड्रोजन शिरतो. वरून जोड झकास दिसतो, तडा मात्र आत, उशिरा पडतो. म्हणून शेवटची तपासणी गार झाल्यावर साधारण ४८ तास थांबूनच करतात. दोष निघाला की जोड उकरून काढा (गाउजिंग), तापवा, पुन्हा भरा. दर वेळी उष्णतेने हलचं गोल कडं ओढलं जातं, आणि गोलाई बिघडली की हल ठरलेल्या खोलीच्या आधीच चेपू शकतो. कुठून किती भरायचं हे सरावाच्या हाताला कळतं. माणसं निवृत्त झाली की ते ज्ञान फायलीत सापडत नाही.

पहिली स्कॉर्पिन, कलवरी, २०१२ला यायची ती डिसेंबर २०१७ला आली. सगळा उशीर यामुळेच झाला असं नाही, यंत्रसामग्रीची खरेदीही रखडली होती. पण शिकलेलं पुन्हा शिकावं लागलं, हे कुणी नाकारू नये.

तोच प्रकार टॉर्पेडोंचा. स्कॉर्पिनसाठी ब्लॅक शार्क हे इटालियन टॉर्पेडो ठरले होते. उत्पादकाचा मूळ समूह ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर खरेदीच्या लाचप्रकरणात अडकला आणि खरेदी रद्द. नव्या कोऱ्या पाणबुडीत एचडीडब्ल्यूच्या काळातले एसयूटी टॉर्पेडो बसवले.

आरोपांची चौकशी नको, असं मी म्हणत नाही. दलाल पकडा, कंपनीकडून दामदुप्पट वसूल करा. पण गोदीतलं काम चालू ठेवा. प्रोजेक्ट ७५-आय या पुढच्या पाणबुड्यांच्या योजनेसाठी माझगाव डॉकने हात धरलाय तो टीकेएमएसचा, म्हणजे एचडीडब्ल्यूच्याच वारसाचा. त्या करारात गैरव्यवहाराचा दंड आधीच आकड्यात लिहावा, आणि कंपनी बाद झाली तरी आराखडे नि सुटे भाग मिळत राहतील हे कलम त्याच पानावर घ्यावं.