प्रकाशावर चालणाऱ्या चिप आजच्या इलेक्ट्रॉनिक चिपना हद्दपार करतील का?

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात, आणि 'प्रोसेसर आता विजेऐवजी प्रकाशावर चालणार' अशी बातमी वाचून व्हीएलएसआय (एका चिपवर असंख्य ट्रान्झिस्टर बसवण्याचं तंत्र) शिकणं वाया जाईल का, असं विचारलंय. अजिबात जाणार नाही. मी सिलिकॉन फोटॉनिक्सच्या, म्हणजे सिलिकॉनवर प्रकाश खेळवणाऱ्या, चिप तपासण्याचं काम करतो. प्रकाशाच्या प्रत्येक चिपला सांभाळायला इलेक्ट्रॉनिक्स लागतंच.

प्रकाश माहिती वाहून नेण्यात पटाईत आहे, पण ती साठवणं आणि तिच्यावरून निर्णय घेणं त्याला जमत नाही. तांब्यातून एका लेनवर (एका वाहिनीवर) सेकंदाला 200 गिगाबिट पाठवायला गेलात, तर बोर्डावर काही इंचांतच सिग्नल एवढा खचतो की तो सावरण्यातच बरीच वीज जाते. फायबरमध्ये किलोमीटरमागे जेमतेम 0.2 डेसिबल घट होते. एआयच्या डेटा सेंटरमध्ये हजारो जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) सतत एकमेकांना माहिती देत-घेत असतात, त्यामुळे तिथे हा फरक फार महाग पडतो. म्हणून एनव्हिडियाने मार्च 2025 मध्ये प्रकाशाचा भाग स्विच चिपलगत, एकाच पॅकेजमध्ये बसवलेले स्विच (माहिती योग्य ठिकाणी वळवणारी यंत्रं) जाहीर केले. खरी क्रांती सध्या इथे चाललीय.

हे सगळं ज्या सिलिकॉनवर उभं आहे, ते प्रकाश वाहून नेतं, पण स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या बँडगॅपची (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांमधल्या फटीची) रचनाच तशी आहे. लेझर इंडियम फॉस्फाइडचा घ्यावा लागतो आणि तो सिलिकॉनला जोडावा लागतो. इंटेल आणि सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन बाउअर्स यांच्या गटाने 2006 मध्ये असा जोड-लेझर करून दाखवला.

दुसरी अडचण मी रोज बघतो. चिपवरची प्रकाशवाट साधारण 500 नॅनोमीटर रुंद आणि 220 नॅनोमीटर जाड असते. फायबरमधला प्रकाशाचा ठिपका 10 मायक्रॉनच्या आसपास. फायबर सात-आठ अंश कललेलं ठेवून, पॉवर मीटरवर नजर ठेवत, स्टेज हलके हलके सरकवायचं. दोन-तीन मायक्रॉन इकडेतिकडे झालं की आकडा झरझर उतरतो. नीट जुळलं म्हणून यूव्ही गोंद लावावा, तर तो सुकताना आकसतो आणि फायबर ओढून घेतो. चिप छापण्यापेक्षा हे पॅकेजिंगच खर्च वाढवतं, पण बातम्यांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

शिवाय तापमान. चिपवर प्रकाशवाटेची गोल रिंग करतात, ती ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश पकडते; हा तिचा रेझोनन्स. 10 मायक्रॉन व्यासाच्या रिंगचा रेझोनन्स एका अंशाला सुमारे 0.07 नॅनोमीटर सरकतो. म्हणून प्रत्येक रिंगवर हीटर, शेजारी फोटोडायोड (प्रकाश मोजणारा डायोड) आणि ती जागेवर धरून ठेवणारं कंट्रोल सर्किट लागतं. प्रकाशाच्या ज्या उपकरणाला 'इंटेलिजंट' म्हणतात, त्यातली बरीचशी हुशारी या सर्किटमध्ये असते.

मग प्रकाशाने गणित होतच नाही का? होतं. एमआयटीच्या गटाने 2017 मध्ये 56 माख-झेंडर इंटरफेरोमीटरच्या (प्रकाश दोन वाटांत विभागून पुन्हा एकत्र आणणाऱ्या रचनांच्या) जाळीवर मॅट्रिक्स गुणाकार केला. उसाला दारं धरताना पाणी या सरीतून त्या सरीत वळवतात, तसा प्रकाश हवा तेवढा इकडे-तिकडे वळवायचा. बोलण्यातले स्वर ओळखण्यात या चिपची अचूकता 76.7 टक्के आली, नेहमीच्या संगणकावर तीच 91.7 टक्के होती. हीटरने बदलायची फेज (लहरीचा टप्पा) नेमकी बसत नाही, एका हीटरची उष्णता शेजाऱ्याला लागते, डिटेक्टरचा नॉइज असतोच. आणि न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयच्या गणिती जाळ्याला) लागणारी नॉन-लिनिअर पायरी, म्हणजे उत्तर इनपुटच्या सरळ प्रमाणात नसणारी पायरी, तेव्हा संगणकावरच करावी लागली, कारण सिलिकॉनमधून जाताना प्रकाश प्रकाशाला फारसा जुमानत नाही.

मला स्वतःला 2020 मधलं व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठाचं काम जास्त भावतं. टंगस्टन डायसेलेनाइडच्या 27 फोटोडायोडचा सेन्सर, आणि प्रत्येक डायोडची संवेदनशीलता व्होल्टेज देऊन बदलता येते. ही संवेदनशीलताच न्यूरल नेटवर्कचं वेट, म्हणजे कोणत्या इनपुटला किती महत्त्व द्यायचं तो आकडा. चित्र टिपता टिपताच ओळखलं जातं, सुमारे 50 नॅनोसेकंदांत. आधी फोटो काढा, मग डिजिटल करा, मग प्रोसेसरकडे पाठवा, हा फेराच उरत नाही. चाचणीतली चित्रं अगदी साधी अक्षरं होती, तरी दिशा मला पटते.

तेव्हा व्हीएलएसआय सोडू नका. मॉड्युलेटरचे (प्रकाशावर माहिती चढवणाऱ्या भागाचे) ड्रायव्हर, फोटोडायोडचा करंट व्होल्टेजमध्ये बदलणारा ट्रान्सइम्पिडन्स अॅम्प्लिफायर, अॅनालॉग-डिजिटल रूपांतर करणारे एडीसी-डीएसी या गोष्टी पक्क्या असलेली माणसं या क्षेत्राला हवी आहेत. जोडीला वेव्हगाइड (प्रकाशवाटा) आणि इंटरफेरन्स (लहरी एकमेकींत मिसळणं) शिका. आयआयटी मद्रासमध्ये प्रोग्रॅमेबल (हवं तसं बदलता येणाऱ्या) फोटॉनिक सर्किटवर काम करणारं केंद्र आहे, तिथले शोधनिबंध चाळा. केलेआउट (चिपचा आराखडा काढायला) आणि मीप (प्रकाशाच्या सिम्युलेशनला) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. 10 मायक्रॉन व्यासाची रिंग काढा, ग्रुप इंडेक्स (प्रकाशाची स्पंदं निर्वातापेक्षा किती पट हळू जातात तो आकडा) 4.2 धरा आणि 1550 नॅनोमीटरजवळ दोन रेझोनन्समधलं अंतर आधी कागदावर काढा. ते साधारण 18 नॅनोमीटर यायला हवं. मग सिम्युलेशनशी ताडून बघा. जुळलं नाही तर आकडे कमेंटमध्ये टाका, मी बघतो.