खुर्ची घेण्याआधी न्हाणीचं दार मोजा

ताई, लकव्यानं सासऱ्यांची उजवी बाजू गेलीय, कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर, न्हाणी जिन्याखाली, आणि आंघोळीची खुर्ची ऑनलाइन मागवावी की साधनवाटपाच्या शिबिरातली मिळेपर्यंत थांबावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या आईचं हेच झालं होतं, फक्त बाजू डावी होती. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. सासऱ्यांना पाठ टेकून तरी तोल सांभाळत बसता येतं का, हे त्यांच्या फिजिओकडून ठरवून घ्या. तेवढंही येत नसेल तर पुढचं काही लागू नाही. टाईल गुळगुळीत नको, आतली कडी काढून टाका वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडतो.

थांबू मात्र नका.

आम्ही थांबलो, कारण तसं सांगितलं गेलं. एका कार्यालयात अर्ज दिला, नाव घेत नाही. त्यांच्या शिबिरात आईची उंची मोजली, वजन घेतलं, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स घेतल्या. घरची न्हाणी कशी आहे हे कुणी विचारलं नाही. अर्जात त्याला रकानाच नव्हता. मध्ये आपणच एक घेऊन टाकावी म्हटलं, तर "बाहेरून घेतली की अर्ज बाद होतो" असं टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. तेच लेखी द्या म्हटल्यावर त्यांना दुसरं काम आठवलं. पावसाळा संपला, दिवाळी झाली. तोवर आईचं खाटेवरच अंग पुसणं चालू. फिजिओनी चार पावलं टाकायला शिकवली होती, पण न्हाणीपर्यंत जायचं कारणच उरलं नाही आणि ती पावलंही गेली. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय जी देवापुढं बसायची नाही, ती "नको बाबा आंघोळ" म्हणायला लागली. खुर्चीपेक्षा हे नुकसान मोठं.

आणि खुर्ची आली ती चाकांची, बाहेरून बाहेर २४ इंच. आमच्या न्हाणीची चौकट आतून २२. परत न्यायला गेलो तर "मिळाल्याची सही झालीय, आता परत घेता येत नाही." मग चौकटीचं काय करू, विचारलं. "दार मोठं करून घ्या." जुन्या घराची, वर जिना टेकलेली भिंत! असो. ज्यांनी कधी आजारी माणसाला बादलीजवळ नेलेलं नाही त्यांनी याद्या केल्या की असंच होणार.

म्हणून टेप घेऊन दार पूर्ण उघडा आणि चौकटीच्या आतल्या कडेपासून उघड्या फळीपर्यंत किती राहतं ते मोजा. फळीच्या जाडीनं इंच-दीड इंच जातो, तो कुणी धरत नाही. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडेल असं फिरवून घ्या, नाहीतर पडदा लावा. माणूस आत पडून दाराला अडला तर बाहेरून दार उघडत नाही.

आता दांडी. सासऱ्यांचा डावा हात चालतो, म्हणून दुकानवाला डाव्या भिंतीला एक दांडी ठोकून मोकळा होईल. पण आत जाताना डावीकडं असलेली दांडी बाहेर येताना उजवीकडं येते, नेमकी गेलेल्या हाताकडं. आणि अंग ओलं, पायाला साबण, माणूस दमलेला, हे सगळं बाहेर येतानाच. म्हणून समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना आडव्या दांड्या आणि चौकटीशी एक उभी. अमेरिकेतल्या सुलभतेच्या नियमांत आडव्या दांडीची उंची जमिनीपासून ३३ ते ३६ इंच, भिंतीपासून अंतर दीड इंच, आणि तिनं साधारण ११३ किलोचा भार घ्यायला हवा असं आहे. दीड इंचाला कारण आहे: कमी ठेवलं तर बोटं घासतात, जास्त ठेवलं तर घसरताना हात मनगटापर्यंत आत जाऊन अडकतो. उंची मात्र सासऱ्यांना उभं करून ठरवा, आमची आई बुटकी, तिला ३३ सुद्धा जास्तच होती. पेठेतल्या जुन्या भिंतींत फास्टनर (भोक पाडून आत ठोकायचा, फुगून धरणारा बोल्ट) धरत नाही. आरपार बोल्ट काढून पलीकडून पट्टी लावायला सांगा. रबरी वाटीनं चिकटणाऱ्या दांड्या मिळतात, त्यांच्यावर टॉवेलसुद्धा ठेवू नये असं माझं मत.

खुर्चीबद्दल एकच गोष्ट आवर्जून सांगतो. बाजारातला बराचसा माल टब आणि शॉवर समोर ठेवून काढलेला असतो. आपली आंघोळ बादली-तांब्याची. माणूस १७-१८ इंचांवर बसला आणि बादली जमिनीवर राहिली, की प्रत्येक तांब्याला तो पुढं वाकतो. अर्धांगात कमरेचा ताबा बऱ्याचदा कमी झालेला असतो, मग तोंडावरच येतो. बादलीला तिवई करा, फूट-सव्वा फूट उंचीची, चालत्या हाताच्या बाजूला. भरलेली २० लिटरची बादली तिच्यावर उचलून ठेवायच्या भानगडीत पडू नका, नळाला पाईप लावून जागेवरच भरा, तीही अर्धी. हँड शॉवर बसवता आला तर उत्तमच, पण आमच्या आईला तांब्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटायचीच नाही.

आणि न्हाणीला उतार असतो, त्यामुळे चार पायांची खुर्ची तिथं हमखास डुगडुगते. उंची बदलायला पायांना इंचा-इंचावर भोकं असून उपयोग नाही, खालून आट्यांचा बोल्ट हवा. खुर्चीचे हात बाजूला उघडणारे घ्या, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून आडवं सरकता येतं.

हे सगळं आपल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, करून मिळतं. स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचं सांगा आणि बिलावर लिहून घ्या. २०२ प्रतीचं स्वस्त पडतं, पण न्हाणीत ते गंजतं. लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणतील. २०२ लाही तो चिकटत नाही, त्यानं काही सिद्ध होत नाही. ३०४ की २०२ हे तपासायचे रसायनाचे थेंब मिळतात, ते मागा. वेल्डिंग आर्गन वायूचंच. आणि आरशासारखं पॉलिश नको, मॅट ठेवा. लकव्याच्या माणसाला रोज तेलाची मालिश होते, त्या हातानं चकचकीत दांडी धरवत नाही. आंघोळीआधी तळहात आणि तळपाय डाळीच्या पिठानं पुसून काढा.

जुनी शहाबादी फरशी असेल तर कृपा करून काढू नका. पावसाळ्यात शेवाळ घासायचं तेवढं बघा.

घरात सोलर असेल तर दुपारचं पाणी फार तापतं. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं, ४९ अंशांना तेच व्हायला काही मिनिटं लागतात. आणि गेलेल्या बाजूला बऱ्याचदा कळतच नाही. बादलीत आधी गार, मग गरम, आणि हात तुम्ही घालून बघा.

पैशांचं म्हणाल तर २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये थेट खात्यात येतात. योजनेतल्या वस्तूंच्या यादीत कमोड खुर्ची आहे. वस्तूऐवजी पैसे मिळतात हे बरं, मापाची घेता येते. सध्या अर्ज घेतात का ते विचारा, पण त्यासाठी आंघोळ थांबवू नका.

दाराची मोकळी रुंदी, न्हाणीची लांबी-रुंदी, उंबऱ्याची उंची आणि सासऱ्यांच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं माप इथंच टाका. वेल्डरला काय सांगायचं ते लिहून देतो.