उ: राज्याराज्यांचे आगाऊ पोल: आघाडी सोडा, आधी प्रश्नावली मागा

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. एकच राज्य, एकच महिना, अमेरिकेच्या २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीची तीच काल्पनिक जोडी (रिपब्लिकन व्हान्स विरुद्ध कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट न्यूसम), आणि दोन पोलमधल्या (म्हणजे मतदारांच्या जनमत चाचण्यांमधल्या) आघाडीत नऊ टक्क्यांचं अंतर. त्यातल्या एका संस्थेला मेल करकरून तुम्ही थकलात आणि तुमच्या सरांना प्रोजेक्टसाठी लाल-निळा (रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळा) रंगवलेला नकाशा हवाय. दहाएक वर्षांपूर्वी मी याच चिखलात रुतलो होतो, म्हणून लांबण लावतोय. आधीच सांगतो, मी संख्याशास्त्रज्ञ नाही. पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, पोलचे तक्ते हा रिकामपणचा उद्योग. चूभूद्याघ्या.

२७० चा हिशोब (राज्याराज्यांतून मिळणाऱ्या निर्वाचक मतांपैकी जिंकायला तेवढी लागतात), मेन आणि नेब्रास्का राज्यांतली या मतांची वाटणी, प्रायमरी (पक्षांतर्गत निवडणूक) वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात शिरत नाही.

त्या नऊ टक्क्यांचं आधी. दोन्हीकडे सॅम्पल सहाशेच्या आसपास असेल तर त्यात डोकं फोडून घेण्यासारखं काही नाही. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात जे 'अधिक-उणे ४' असतं ते एका उमेदवाराच्या टक्केवारीला लागू. आघाडी म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी, तिथे ते जवळपास दुप्पट होतं. तुम्ही तर दोन आघाड्यांची वजाबाकी करताय. तिथे नऊ-दहाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. तेव्हा 'दोघांतलं कोण चुकलं' हा शोध आत्ताच बंद करा.

खरं दुखणं दुसरीकडे आहे, ते म्हणजे ती उत्तर न देणारी संस्था.

२०१५ ची गोष्ट. इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्यांचा एक गट होता, मराठी, गुजराती, तेलुगू अशी सगळी खिचडी. शनिवार-रविवार गाड्या काढून मतदार नोंदणीला जायचे. कुठल्या राज्यात किती माणसं पाठवायची हे ठरवायला राज्यनिहाय तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका राज्याचे आकडे मुख्यतः एका कॉलेजच्या सर्वेक्षण केंद्राकडून यायचे. नाव घेत नाही. त्यांचं वसंतातलं पत्रक आणि उन्हाळ्यातलं पत्रक शेजारी ठेवलं तर मथळा होता 'आघाडी दुप्पट'. पण मधल्या काळात त्या राज्यात पान हललं नव्हतं. नीट पाहिलं तर 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे पहिल्या पत्रकात भरपूर होते, दुसऱ्यात निम्म्याहून कमी. एवढी माणसं एका उन्हाळ्यात, निवडणुकीला सव्वा वर्ष असताना, आपापलं मत ठरवून मोकळी झाली? मला ते पटेना.

मी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. ठरवलं नाही म्हणणाऱ्याला 'तरीपण झुकाव कुणाकडे?' असा पुढचा प्रश्न विचारला का, आणि आकड्यांना शिक्षणानुसार वजन दिलंय का (म्हणजे पदवीधर आणि बाकीचे यांचं प्रमाण खऱ्या मतदारांतल्यासारखं करून घेतलंय का). बस. यावर जी टोलवाटोलवी झाली ती आठवली की अजून डोकं तापतं. फोन उचलणाऱ्या बाईंनी जनसंपर्काकडे पाठवलं, जनसंपर्काने संचालकांकडे. संचालकांच्या कार्यालयाने सांगितलं की पोलचा खर्च एका वृत्तपत्राने उचललाय, प्रश्नावली त्यांच्या मालकीची. वृत्तपत्र म्हणालं, आम्ही फक्त छापतो, केंद्राला विचारा. शेवटी 'सोबत जोडलेली माहिती पाहावी' असा मेल आला. उघडून बघतो तर तेच पत्रक, जे माझ्या टेबलावर आधीपासून पडलं होतं!

गटाच्या बैठकीत मी म्हणत होतो की तो रकाना रिकामा ठेवू. पण छापून आलेल्या आकड्यापुढे रिकामा रकाना टिकत नाही. आघाडी दुप्पट आहे तर तिथे कशाला जायचं, असं ठरलं आणि माणसं दुसरीकडे वळवली. खूप नंतर, तिथे फोनवर प्रश्न विचारायचं काम केलेल्या एकाशी गाठ पडली. तो सहज बोलून गेला की हो, उन्हाळ्यापासून आम्हाला झुकाव विचारायला सांगितलं होतं. म्हणजे मतदार होते तिथेच होते, फक्त प्रश्न बदलला होता. ही एक ओळ पत्रकाच्या तळाशी छापायला त्यांचं काय जात होतं?

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तो कुणाला टोकाचा वाटला तरी चालेल: जी संस्था पूर्ण प्रश्नावली आणि वजन देण्याची (वेटिंगची) पद्धत देत नाही, तिचा पोल तक्त्यात घ्यायचा नाही. सरासरीत 'तेवढाच एक' म्हणूनही नाही. शिक्षणाचं वजन हा माझा हट्ट नाही. २०१६ च्या निवडणुकीनंतर अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने जी चौकशी केली तिच्यात हेच पुढे आलं की कित्येक राज्य-पोलनी शिक्षणानुसार वजन दिलंच नव्हतं. पदवीधर माणूस पोलवाल्याशी जास्त बोलतो, आणि त्या वर्षी तो डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनकडे जास्त झुकलेला होता.

आता आगाऊ जोड्यांबद्दल. यांचं बरंचसं काम बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असं असतं. जुलै २०१५ मध्ये क्विनिपिअॅक विद्यापीठाच्या पोलने कोलोरॅडो, आयोवा आणि व्हर्जिनियात क्लिंटनसमोर रुबिओ, जेब बुश आणि वॉकर हे रिपब्लिकन इच्छुक उभे करून पाहिले, आणि तिन्ही राज्यांत त्या मागे दिसल्या. (वरचं केंद्र ते हे नव्हे, उगाच जोडू नका.) वॉकर सप्टेंबरातच बाहेर पडले, बुश फेब्रुवारीत, रुबिओ मार्चमध्ये. एकही जोडी मैदानात उतरली नाही. नोव्हेंबरात क्लिंटननी कोलोरॅडो आणि व्हर्जिनिया जिंकलं, आयोवा घालवलं, पण समोर ट्रम्प होते. मग तो पोल बरोबर होता की चूक? ताडून बघायची सोयच नाही. म्हणूनच कुणाला जाब विचारता येत नाही, आणि म्हणूनच असे पोल इतक्या मोकळ्या हाताने काढले जातात असं माझं (थोडं कडवट) मत आहे.

तुमच्या नकाशाचा सख्खा पूर्वज मात्र जरूर बघा. फेब्रुवारी २००८ च्या शेवटी सर्व्हेयूएसए या पोल संस्थेने पन्नासही राज्यांत प्रत्येकी सहाशे लोकांना विचारून दोन नकाशे काढले होते. निर्वाचक मतं अशी: डेमोक्रॅट ओबामा २८०, रिपब्लिकन मॅकेन २५८. ओबामांऐवजी क्लिंटन उभ्या राहिल्या तर क्लिंटन २७६, मॅकेन २६२. ओबामा जिंकणार हे बरोबर निघालं, पण त्यांना मतं मिळाली ३६५, आणि त्या नकाशात पेनसिल्व्हेनिया मॅकेनकडे होतं. ते ओबामांनी दहा टक्क्यांनी घेतलं. क्लिंटनवाला नकाशा तर कायमचा अधांतरी.

सगळेच आगाऊ पोल टाकाऊ असतात असं मात्र म्हणवत नाही. नोव्हेंबर २०१९ चे न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेज यांचे सहा राज्यांचे पोल काढा. बायडन-ट्रम्प जोडीत पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, अॅरिझोना बायडनकडे, नॉर्थ कॅरोलायना ट्रम्पकडे, मिशिगन बरोबरीत. वर्षभराने हे सगळं जवळपास तसंच झालं, चुकलं ते फ्लोरिडा. का जमलं? दोघंही घराघरात माहीत होते. नाव ऐकून उत्तर देणारा आणि चेहरा डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देणारा यांत फरक पडतोच. त्याच मालिकेतल्या २०२३ च्या पोलमध्ये सहापैकी पाच राज्यांत ट्रम्प बायडनच्या पुढे होते. पुढे बायडनच शर्यतीतून हटले, तरी ट्रम्पनी सहाही राज्यं घेतली. यावरून मी एवढंच काढतो की सगळ्यांना माहीत असलेल्या उमेदवाराला किती टक्के मिळताहेत ते बघावं. आघाडी बघू नये. तुमच्या जोडीत न्यूसम कॅलिफोर्नियाबाहेर किती जणांना नीट माहीत आहेत, हा प्रश्न पोलमध्येच विचारलेला असतो बऱ्याचदा: 'यांच्याबद्दल मत बनवण्याइतकं ऐकलेलं नाही'. तो आकडा मोठा असेल तर ते राज्य नकाशात राखाडी सोडा. सर कुरकुरतील, कुरकुरू द्या.

नाव ऐकून लोक काय उत्तर देतात याची गंमत हवी असेल तर ऑगस्ट २०१५ मधला पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेचा नॉर्थ कॅरोलायनाचा पोल शोधा. आयोवातल्या १५ वर्षांच्या एका पोराने 'डीझ नट्स' अशा चावट नावाने उमेदवारी नोंदवली होती. ट्रम्प आणि क्लिंटनसोबत ते नाव विचारलं तर ९ टक्के मिळाले.

बारीकसारीक सूचना. पत्रकाची पीडीएफ लगेच उतरवून ठेवा, दुवे मरतात. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे कॉर्नेल विद्यापीठातल्या रोपर सेंटरचं (पोलच्या संग्रहालयाचं) सभासदत्व आहे का विचारा. जुन्या पोलचा मूळ डेटा तिथे मिळतो, मेल करत बसावं लागत नाही. 'रजिस्टर्ड' (नोंदणी केलेले) आणि 'लाइकली' (प्रत्यक्ष मत द्यायची शक्यता असलेले) मतदारांचे पोल एका रकान्यात मिसळू नका. इतक्या आधी 'लाइकली' कोण हे मतदारालाही ठाऊक नसतं. आणि विषयाबाहेरचं, पण तुम्ही एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) आहात असं लिहिलंय म्हणून: या नादात कुठल्या प्रचाराला पाच डॉलरही देऊ नका. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला देणगी द्यायला कायद्याने बंदी आहे. बाकी व्हिसाचं वकिलाला विचारा, मला नको.

त्या दोन्ही पोलच्या पीडीएफ इथे टाकता आल्या तर टाका. मेलला उत्तर न देणाऱ्यांची आधी टाका, आणि झुकाव विचारल्याची ओळ कुठे दिसतेय का ते तुम्हीही एकदा तळटीपांत बघा.