खानदेशात भाजीची लावण : तारीख फुलोऱ्यावरून ठरवा

प्रश्न : रावेर भागातून तीन शंका आल्या आहेत. मार्चमध्ये लावलेल्या टोमॅटोची फुलं का गळतात? भरिताच्या वांग्याचं बी कधी टाकावं? आणि घरात उरलेलं एन-५३ कांद्याचं बी रब्बीत चालेल का?

उत्तर : टोमॅटोत वाणाचा दोष कमी, तारखेचा जास्त. लागवडीनंतर महिना-सव्वा महिन्यात फुलोरा येतो. म्हणजे मार्चच्या मध्यावर लावलेला प्लॉट एप्रिलअखेर फुलतो, तेव्हा आपल्याकडे पारा ४२ अंशांवर गेलेला असतो. ३५ च्या वर पराग निकामी होऊ लागतो, रात्रीही उकाडा राहिला की सेटिंग (फळ धरणं) आणखी बिघडतं. फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. अशा वेळी महागडी टॉनिकं मारण्यात पैसा घालवू नका. बी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाका; थंडी १० अंशांखाली गेली तर गादीवाफे रात्री झाका. पुनर्लागवड जानेवारीच्या मध्यापर्यंत उरका. पश्चिमेच्या बांधाला मक्याच्या दोन ओळी पंधरा दिवस आधीच टोकून ठेवा. केळीच्या कडेला लावलेली शेवरीची झाडं ऊन-वारा अडवतात, ते काम हा मका करेल. मार्चमध्येच रान मोकळं होत असेल तर टोमॅटोचा नाद सोडून गवार (पुसा नवबहार) किंवा भेंडी घ्या. भेंडीला मात्र कडाक्याची थंडी नको, तेव्हा बी नीट उगवत नाही.

भरिताच्या वांग्याचं गणित उलट आहे. त्याला हिवाळा मानवतो आणि बाजारही तेव्हाच असतो. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, तिथून मागणी वाढते. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला ३ बाय १ मीटरच्या, १५ सेंमी उंच गादीवाफ्यावर बी टाका. हेक्टरी ४०० ते ५०० ग्रॅम पुरतं. बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळा. पाच आठवड्यांची रोपं लावा. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ९० बाय ९० सेंमी अंतर ठेवा. दाटी केली की झाडात हवा खेळत नाही आणि शेंडा-फळ पोखरणारी अळी फवारणीत सापडत नाही. वाकलेला शेंडा दिसला की दोन बोटं खालून खुडून प्लॉटबाहेर नेऊन जाळा, बांधावर टाकू नका. बी बामणोद-आसोद्याच्या स्थानिक वाणाचंच धरा, पण निरोगी झाडाच्या फळातलं. हिरवट, चकचकीत, कमी बियांचं फळ हीच त्याची ओळख.

कांद्यात एन-५३ खरिपाचा वाण. रब्बीत लावला तर डेंगळे (फुलांचे दांडे) आणि जोडकांदे वाढतात, माल चाळीत टिकत नाही. रब्बीला एन-२-४-१ घ्या : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप, डिसेंबरात लागवड. शिवाय कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरात झपाट्याने घटते. उरलेलं बी पुढच्या खरिपाला वापरायचं असेल तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात बांधून बघा. ७० च्या खाली उगवले तर ते बी वापरू नका.