आधी ‘फायरफ्लाय’, मगच ‘सेरेनिटी’

‘सेरेनिटी’ हा २००५चा सिनेमा थेट पाहिला तर कळेल का, की आधी ‘फायरफ्लाय’ ही एका अवकाशयानावरच्या माणसांची, बंद पडलेली टीव्ही मालिका पाहायला हवी, असं तुम्ही विचारलंय. कळेल. तरीही मालिका आधी पाहा, असा माझा आग्रह आहे. सगळे मिळून १४च भाग आहेत.

गोष्ट कळण्याची सोय मालिका आणि सिनेमा दोन्हींचा कर्ता जॉस व्हेडन याने सिनेमाच्या सुरुवातीलाच केली आहे. यानाचा एक तुकडा निखळतो, कॅप्टन मॅल कॉकपिटमधून बाहेर पडतो आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग यानभर फिरतो. जेनला दरोड्यावर हातबॉम्ब न्यायचेत, केली इंजिनाशी झटतेय, सायमन बहिणीला अशा कामावर नेऊ नका म्हणून मॅलशी वाद घालतोय, आणि चालता चालता कॅमेरा त्या बहिणीपाशी, रिव्हरपाशी येऊन थांबतो. चारेक मिनिटांत यानावरचा प्रत्येक माणूस कोण, कसा, हे समजतं. असं ओळख करून देणं मी फार कमी सिनेमांत पाहिलंय.

पण ओळख होणं वेगळं आणि जीव जडणं वेगळं. सिनेमाच्या उत्तरार्धात जे घडतं, ते या माणसांबरोबर आधी काही काळ राहिलेल्यालाच खरं लागतं. काय घडतं ते सांगत नाही, तुम्हीही कुठे वाचू नका. मालिकेतला ‘आउट ऑफ गॅस’ हा आठवा भाग पाहा म्हणजे माझं म्हणणं पटेल. इंजिन बंद, हवा संपत आलेली, जखमी मॅल यानावर एकटा, आणि अधूनमधून एकेक जण या यानावर कसा आला त्याच्या आठवणी. त्या भागानंतर ते यानसुद्धा आपल्याला त्यांच्यातलंच एक वाटू लागतं.

मालिका पाहताना क्रम मात्र सांभाळा. फॉक्स या अमेरिकी वाहिनीने २००२च्या सप्टेंबरात ती शुक्रवारी रात्री दाखवायला घेतली, तीही उलटसुलट. सगळ्यांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग डिसेंबरात, अगदी शेवटी दाखवला. त्याच्याऐवजी आधी ‘द ट्रेन जॉब’ लावला. प्रेक्षकाला कळणार काय? तीन भाग तर तेव्हा दाखवलेच नाहीत. डीव्हीडीवर भाग योग्य क्रमाने आहेत, तोच धरा. त्या पहिल्या भागाचं नावही ‘सेरेनिटी’च आहे, तेव्हा सिनेमा समजून तो बाजूला ठेवू नका.

ती डीव्हीडी चांगली खपली आणि चाहते हटले नाहीत, म्हणूनच युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमाला पैसा लावला. खर्च सुमारे ३.९ कोटी डॉलर, जगभरातली तिकीटविक्री ४ कोटींच्या आसपास. त्यातून थिएटरवाल्यांचा वाटा जातो, जाहिरातीचा खर्च वेगळाच. दुसरा सिनेमा का आला नाही, ते यातच आलं.

सिनेमाबद्दल माझी तक्रारही आहे. अख्ख्या सीझनला पुरेल एवढं कथानक दोन तासांत बसवलंय. रिव्हर आणि मॅल यांना त्यात पूर्ण न्याय मिळतो. मालिकेत यानावर असणारी इनारा आणि धर्मोपदेशक शेफर्ड बुक यांना अजिबात नाही. बुकच्या भूतकाळाबद्दल मालिकेने इतकं कुतूहल निर्माण केलं होतं आणि इथे त्याच्या वाट्याला मोजके प्रसंग. शिवाय मालिकेत सायमन सांगतो की बहिणीला सोडवण्याचं काम त्याने पैसे देऊन एका गुप्त गटाकडून करून घेतलं. सिनेमात तो स्वतःच तिला घेऊन पळतो. सिनेमासाठी हा बदल चांगला आहे, कारण सायमनचं धाडस थेट दिसतं, पण मालिका नुकतीच संपवलेल्याला खटकतो.

आणखी एक. सिनेमा सुरू होतो तेव्हा इनारा आणि बुक दोघंही यानावर नसतात. ते का गेले, हे सिनेमा नीट सांगत नाही. मधला दुवा ‘दोज लेफ्ट बिहाइंड’ या डार्क हॉर्स प्रकाशनाच्या कॉमिकमध्ये आहे. तीनच अंक आहेत, मिळाले तर चौदावा भाग संपल्यावर वाचा आणि मग सिनेमा लावा.