सरकारी हायस्कूलचे ऑनलाइन आकडे बघून शाळा कशी आहे ते कळतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा ना, की पुण्याहून इंदूरला बदली झालीय, मुलीला नववीत घालायचंय, घराजवळच्या सरकारी हायर सेकंडरीचं (बारावीपर्यंतच्या शाळेचं) यूडाइसचं, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीचं, पान उघडलं तर पट ४१६ नि शिक्षक १८, म्हणजे २३ मुलांमागे एक शिक्षक, इकडे खाजगीत एकेका वर्गात पन्नास मुलं कोंबतात, मग सगळे सरकारी शाळेला नावं का ठेवतात. आणि दुसरं, शाळेला सरकारकडून पैसा किती येतो ते कुठे बघायचं.

माझी सगळी नोकरी इंदूरातच शिक्षण खात्यात बाबूगिरीत गेली, संकुलाची (म्हणजे एका मोठ्या शाळेला जोडलेल्या आजूबाजूच्या शाळांची) पगारबिलं, कॅशबुक, आणि शेवटची बरीच वर्षं हाच यूडाइसचा फॉर्म भरणं. तुम्ही जे पान बघताय ते माझ्यासारख्याच कुणीतरी रात्री उशिरा, सर्व्हर जरा मोकळा झाल्यावर भरलेलं असतं. त्यातले आकडे खोटे असतात असं नाही हं, बहुतेक खरेच असतात, पण तुमचा तो २३ चा आकडा आधी बाजूला ठेवा, हायस्कूलसाठी तो जवळजवळ निकामी आहे.

का ते सांगतो. आपल्या एमपीत २०१८-१९ च्या सुमारास 'एक परिसर एक शाळा' करून एकाच आवारातल्या प्रायमरी, मिडल, हायस्कूल सगळ्या एका यूडाइस कोडखाली आणल्या. नावाच्या पाटीवर हायर सेकंडरी असलं तरी ४१६ मध्ये पहिलीतलं पोरगंही आहे नि बारावीतलंही, आणि १८ शिक्षकांत पहिलीला शिकवणाऱ्या बाईही मोजल्यात. आता समजा (हे आकडे मी नुसते समजायला धरतोय) प्रायमरीला ५, मिडलला ५, एक प्राचार्य, एक खेळाचे सर, तर नववी ते बारावीला उरले सहा. नि पटातली निम्मी मुलं वरच्या चार वर्गांत असली तर ते पडले पस्तीसला एक. हेही चालेल एकवेळ, पण नववी-दहावीलाच सहा विषय आहेत, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान, शिवाय अकरावी-बारावीला प्रत्येक संकायचे (शाखेचे) वेगळे, आणि या सहात दोघं इतिहासाचे नि दोघं हिंदीचे असले तर गणित कोण शिकवणार? तीस मुलांमागे एक, पस्तीसमागे एक, ही शिक्षण हक्क कायद्याची मापं आहेत, तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो आठवीपर्यंतच. तीस पोरांच्या चौथीला एक बाई सगळं शिकवू शकतात, दहावीला विषयाचा माणूसच लागतो. देशाचं माध्यमिकचं सरासरी प्रमाण २०२४-२५ च्या यूडाइसमध्ये २१ ला एक असं आलं होतं, पेपरात सगळ्यांनी छापलं, आणि गणिताचा शिक्षक नाही म्हणून रडणाऱ्या शाळाही त्याच वर्षी तितक्याच होत्या.

म्हणून तुम्हाला हवाय तो विषयवार शिक्षकांचा तक्ता. शाळा तो भरून देते, फॉर्ममध्ये प्रत्येक शिक्षकाचा नेमणुकीचा विषय नि शिकवतो तो मुख्य विषय दोन्ही विचारतात, पण लोकांना दिसणाऱ्या रिपोर्ट कार्डावर, म्हणजे तुम्ही बघताय त्याच पानावर, ते येत नाही, तिथे एकूण किती, पुरुष किती, बायका किती, नियमित किती, कंत्राटी किती, शिक्षण काय, असले आकडे असतात. त्यातली नियमित-कंत्राटीची ओळ मात्र नीट बघा. आपल्याकडे नियमित म्हणजे प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक, उच्च माध्यमिक शिक्षक, १ जुलै २०१८ पासूनची नवी नावं, जुने लोक अजून वर्ग तीन, वर्ग दोन, वर्ग एक असंच म्हणतात. नि बाकीचे म्हणजे अतिथी शिक्षक, सत्रापुरते मानधनावर घेतलेले. यांचं मानधन सप्टेंबर २०२३ मध्ये दुप्पट केलं, वर्ग एकच्या अतिथीचं महिन्याचं ९,००० चं १८,००० झालं. माणसं वाईट नसतात, उलट मी बघितलेल्यांपैकी काही अतिथी नियमितवाल्यांपेक्षा जीव तोडून शिकवायचे, प्रश्न कॅलेंडरचा आहे. सत्र एप्रिलला लागतं, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनच्या मध्यावर शाळा खरी सुरू होते, आणि अतिथीची जॉइनिंग व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो, कधी त्याहून उशीर. म्हणजे फिजिक्स अतिथीच्या भरवशावर असलं तर पहिले दोन-तीन धडे कोणी शिकवलेच नाहीत असं होतं नि ते यूडाइसच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. अतिथींच्या पोर्टलवर शाळावार नि विषयवार रिकाम्या जागा निघतात त्या बघा, एकच विषय दरवर्षी तिथे दिसत असेल तर समजून जा.

उलटही असतं. शहरातल्या शाळांत कागदावर शिक्षक जास्तच असतात, बदली सगळ्यांना इंदूरलाच हवी असते, मग अतिशेष (जादा ठरलेले) निघतात, त्यांना दुसऱ्या शाळा द्यायला काउन्सेलिंग होतं, कोर्टकचेऱ्या होतात. आणि कागदावर असलेला माणूस वर्गात असतोच असं नाही, कुणी दुसऱ्या ऑफिसला अटॅच, कुणी बीएलओ (निवडणुकीचा बूथ अधिकारी) म्हणून मतदार यादी घेऊन कॉलनीत फिरतंय, पगार इथून निघतो नि माणूस तिकडे. गंमत म्हणजे शिक्षणाबाहेरच्या कामात किती दिवस गेले हाही रकाना फॉर्ममध्ये आहे. तो कसा भरला जायचा ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे माझी.

आता पट. एका वर्षाचा एकूण पट बघून काही कळत नाही, वर्गवार बघा नि निदान चार वर्षांचा शेजारी शेजारी मांडा. सरकारी हायस्कूलात नववी नेहमी फुगलेली दिसते. आजूबाजूच्या मिडल शाळांची मुलं तिथे येऊन पडतात, बरीचशी कच्ची राहून गेलेली असतात, नि नववीला खरा फटका बसतो, त्यात नापास होऊन बसलेलीही मोजली जातात. मग पुढच्या वर्षीची दहावी बघा. या वर्षी नववीत १२० नि पुढच्या वर्षी दहावीत ७० असतील तर ती पन्नास पोरं गेली कुठे हा खरा प्रश्न. सगळी गळली असं लगेच धरू नका, काही प्रायव्हेट फॉर्म भरतात (शाळेत न बसता बाहेरून परीक्षा देतात), काही ओपन स्कूलला जातात, काही नववीतच परत बसलेली असतात. मुलीसाठी शाळा बघताय म्हणून सांगतो, मुलींची संख्या वेगळी काढून बघा. आमच्या भागात एकाच घरातला मुलगा खाजगी इंग्लिश मीडियमला नि मुलगी सरकारीत असं सर्रास होतं, त्यामुळे मुली जास्त दिसल्या तर ते शाळा मुलींसाठी चांगली असल्याचंच लक्षण आहे असं नाही, पण नववीच्या मुली बारावीपर्यंत टिकत असतील तर मात्र तिथे काहीतरी बरं चाललंय.

वर्षांची तुलना करताना एक खड्डा आहे. २०२२-२३ पासून यूडाइसमध्ये आकडा भरत नाहीत, एकेक मूल नावानिशी भरतात, आधार नि बाकी तपशिलासकट. त्याआधी आम्ही वर्गाचे आकडे द्यायचो. नावानिशी झाल्यावर एकाच मुलाची दोन-दोन शाळांतली नावं उघडी पडली, सरकारी शाळेत नाव, बसतंय खाजगीत, असली. देशाचा पट २०२१-२२ ला २६.५२ कोटी होता तो २०२२-२३ ला २५.१७ कोटीवर आला, सरकारनंच सांगितलं की जुन्या नव्या आकड्यांची सरळ तुलना करू नका. तेव्हा त्या वर्षात शाळेचा पट धाडकन पडलेला दिसला तर शाळा बुडाली असं नाही, वही साफ झाली. तसंच एक परिसरच्या वेळी पट एकदम वाढलेला दिसेल, तीही काही प्रगती नव्हे. आणि जवळपास सीएम राइज शाळा (राज्य सरकारची नवी, मोठी, सोयींची शाळा) झाली असेल, २०२५ पासून तिला सांदीपनि विद्यालय म्हणतात, तर तिच्या बसेस गल्लीत यायला लागल्या की आजूबाजूच्या दोन-तीन सरकारी शाळांचा पट खाली येतोच.

हजेरी पटात नसते हेही लक्षात असू द्या. इंदूरात बांधकामावर झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबं खूप आहेत, भगोरियाच्या (होळीआधीच्या आदिवासी जत्रांच्या) दिवसांत त्यांची मुलं गावी जातात, पट तेवढाच राहतो नि बाकं रिकामी.

पैशाचं सांगतो, यात लोक फार गोंधळतात. सरकारी शाळेचा सगळ्यात मोठा खर्च पगार, नि तो शाळेच्या हातात कधी येतच नाही, संकुल प्राचार्य बिल काढतात, ट्रेझरीतून सरळ माणसाच्या खात्यात. एका संकुलात आजूबाजूच्या कितीतरी प्रायमरी-मिडल शाळा असतात, त्यामुळे तुमची शाळा संकुल केंद्र असेल नि तुम्ही माहितीच्या अधिकारात नुसता 'वेतन खर्च' मागितला तर सगळ्या संकुलाचा आकडा हातात येईल, तो ४१६ नी भागून कुणीतरी पोस्ट टाकतं की एका मुलावर सरकार इतके लाख उधळतं. असं करू नका.

शाळेच्या हातात येते ती समग्र शिक्षा योजनेची कंपोझिट ग्रांट, म्हणजे शाळेच्या वरखर्चाचं एकत्रित अनुदान. समग्र शिक्षा २०१८ ला आली, आधीच्या सर्व शिक्षा नि माध्यमिकच्या योजना तिच्यात मिळवल्या, एमपीत केंद्राचे ६० नि राज्याचे ४० टक्के. ग्रांट पटावर ठरते: १०० ते २५० मुलांना ५०,०००, २५० ते १,००० ला ७५,०००, हजाराच्या वर १ लाख. यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर. खेळाचे माध्यमिकला २५,००० पर्यंत वेगळे. म्हणजे तुमच्या शाळेला ७५,०००, एका मुलामागे वर्षाला १८० रुपये, त्यात खडू, झाडू, फिनाइल, वीज, फुटलेली नळाची तोटी, प्रयोगशाळेचं सामान सगळं. आणि बघा, पट २५१ असला तरी ७५,००० नि ९९० असला तरी ७५,०००, त्यामुळे २४० वर अडकलेल्या शाळेत प्राचार्य पट वाढवायला का धडपडतात तेही कळेल.

रिपोर्ट कार्डावर ग्रांट मिळाली किती नि खर्च किती असे दोन आकडे असतात, ते मागच्या आर्थिक वर्षाचे असतात हे विसरू नका. मिळाली कमी दिसली तर त्यात शाळेचा दोष नसतो, ती पटावर बांधलेली आहे. खर्चाचा आकडा बघा. हल्ली खात्यात पैसा पडत नाही, वरून लिमिट (इतक्यापर्यंत खर्च करा अशी मर्यादा) येते, ३१ मार्चला उरलेली परत जाते, आणि ती जानेवारी-फेब्रुवारीत आली तर दीड महिन्यात सगळं करायचं. काही प्राचार्य तेवढ्यातही लॅबची काचसामग्री आणतात, पंखे बदलतात. काही, विशेषतः प्रभारी असलेले, ऑडिटच्या भीतीनं हातच लावत नाहीत. मला विचाराल तर दोन-तीन वर्षं पूर्ण खर्च केलेली शाळा मी जरा वर ठेवीन, पैसा कमी असला तरी कुणीतरी जागं आहे एवढं त्यातून दिसतं.

निकालावर फार जाऊ नका. बाल विनय मंदिरसारख्या उत्कृष्ट विद्यालयात नववीला मुलं प्रवेश परीक्षा देऊन येतात, त्यांचा निकाल नि तुमच्या बाजूच्या शाळेचा निकाल एका तराजूत कसा घालणार. शिवाय मागच्या काही वर्षांत दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव' होतं, सहातल्या एका विषयात गचकलेला पण पास, त्यामुळे गणिताची अवस्था एकूण टक्क्यांत लपून जायची. विषयवार निकाल मागा, शाळेकडे असतो.

तर तुम्ही जुलैच्या शेवटी नाही, आत्ताच शाळेत जाऊन बाबूला भेटा, प्राचार्यांना नंतर. नववी ते बारावीच्या मंजूर जागा विषयवार किती, भरलेल्या किती, त्यातले नियमित किती, नि अटॅच कोण, एवढं विचारा. गोड बोललात तर रजिस्टर उघडून दाखवतील. नाही दाखवलं तर १० रुपयांचा माहितीच्या अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण मग ॲडमिशनची वेळ निघून जाईल.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत. मुलगी पुण्यात कुठल्या मीडियमला होती? इथे सरकारीत बहुतेक ठिकाणी हिंदी मीडियम, रिपोर्ट कार्डावर माध्यम लिहिलेलं असतं ते बघून घ्या. एमपी बोर्डात मराठी विषय म्हणून घेता येतो, पण शिकवणारं कुणी शाळेत आहे का ते आधी विचारा, नाहीतर घरीच शिकवावं लागेल. आणि अकरावीला तिला काय घ्यायचंय? बायो म्हणाली तर त्या शाळेत ते संकाय आहे का नि बायोचा माणूस आहे का हे बाबूच सांगेल.